खुंटेगावचं तख्त

इंग्रजाविरुद्ध उठाव करायचं राधाकिशनने ठरवलं, तेव्हा खुंटेगावात एकच अडचण होती. गावात इंग्रज नव्हता. गावातच काय, सबंध आष्टी तालुका पालथा घातला असता तरी एखादा हाती लागला नसता. मुलूख निजामाचा. जुलूम करायला मोगलाईत घरचीच माणसं पुरत होती, त्यासाठी साता समुद्रापलीकडून कुणाला बोलवायची गरज पडली नव्हती. इंग्रजांचं राज्य सीना नदीच्या पल्याड सुरू होई, आणि उन्हाळ्यात नदी आटली की ते नेमकं कुठून सुरू होतं हे शेळ्यांनाही समजत नसे.

राधाकिशन म्हणजे विठ्ठलराव पाटलांचा मेहुणा, नांदूरघाटचा. नगरला शिकायला गेला, मॅट्रिकला बसला, बसलेलाच राहिला, आणि शेवटी एक काळी टोपी, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि देशभक्ती एवढं सामान घेऊन बहिणीकडे येऊन राहिला.

"दाजी, तिकडं बंगालात पोरं बॉम्ब टाकायलेत," तो एका सकाळी म्हणाला. "आन् आपुन काय करायलो?"

"ज्वारी पेरायलो," विठ्ठलराव म्हणाले.

"इंग्रजाच्या राज्यात तुमाला ज्वारी पेरवतीय कशी?"

"आरं, हे निजामाचं राज्य हाय."

"निजाम कुनाचा हाय?"

हा प्रश्न विठ्ठलरावांना कुणी कधी विचारला नव्हता. ते तिफणीची दोरी तपासायला लागले.

पण राधाकिशनकडे नुसती तळमळ नव्हती, बेतही होता. दसऱ्याला शिलंगण असतं. गावाची शीव ओलांडायची, आपट्याची पानं सोनं म्हणून लुटायची आणि वाजतगाजत परत यायचं. हत्यारं त्या दिवशी पुजलेली असतातच, मिरवणूक निघायचीच असते, अंगात थोडा जोरही आलेला असतो. यंदा फक्त शीव खरोखरीची ओलांडायची. नदी पार करायची, पल्याडच्या टेकाडावरचा साहेबाचा बंगला ताब्यात घ्यायचा आणि तिथं स्वराज्य जाहीर करायचं. साहेब थंडीत काळवीट मारायला येई तेव्हा त्या बंगल्यात उतरे. एरवी तो कुलूप घालून उभा.

विठ्ठलरावांनी नको म्हणून सांगितलं. पाटीलकी ही सांभाळायची वस्तू आहे, उधळायची नव्हे, असं त्यांचं मत होतं.

दिवस मावळायच्या आत त्यांचा चुलतभाऊ आसाराम पारावर बोलून गेला, "दादाला जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या बापडं. शिलंगणात म्होरं मी चालतो."

शिलंगणात पुढे चालायचा मान खुंटेगावात पाटलाचा. आसारामचा बाप या मानासाठी भांडत मेला होता आणि मरताना हे काम पोराकडे सोपवून गेला होता. पाटलाऐवजी दुसरा कुणी एकदा जरी पुढे चालला, तरी पुढच्या वर्षी तो रिवाज होतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी हक्क. विठ्ठलराव घरी आले, मुंडासं खुंटीला लावलं आणि राधाकिशनला म्हणाले, "उठाव करू."

देशासाठी माणसं काय काय करतात. विठ्ठलरावांनी ते आसारामसाठी केलं.

दसऱ्याला दुपार कलल्यावर खुंटेगावची फौज निघाली. पुढे घोड्यावर विठ्ठलराव, कमरेला आजोबांची तलवार. ती म्यानातून बाहेर येत नसे, त्यामुळे कुणाला इजा व्हायची भीती नव्हती. मागे भाले, काठ्या, दोन ठासणीच्या बंदुका, हलगी आणि वेशीची राखण करणारा येसकर म्हाळू. नदीला कमरेइतकं पाणी होतं. मध्यावर आल्यावर राधाकिशन ओरडला, "आता आपुन इंग्रजाच्या मुलखात हाव." सगळ्यांनी खाली पाहिलं. पाणी तसंच होतं.

बंगल्यात खानसामा तेवढा होता. तो ओसरीत कोंबडी सोलत बसला होता. एवढी माणसं पाहून तो म्हणाला, "साब लोगां नै हैं. थंडी में आना."

राधाकिशनने स्वराज्य जाहीर केलं. खानसाम्याने सुरी पुसली आणि हरकत घेतली नाही. त्यामुळे सगळ्यांची थोडी पंचाईत झाली. उठाव झाला होता खरा, पण झाल्यासारखं वाटत नव्हतं. शिवाय शिलंगणाहून रित्या हाती परतायचं नसतं, आणि बंगल्याच्या आवारात आपट्याचं झाड नव्हतं. काहीतरी लुटून न्यायला हवं होतं. फौज आत शिरली.

खुर्च्या वेताच्या, बाजा लोखंडाच्या, भिंतीवर एका काळविटाचं मुंडकं. यात सोनं म्हणून न्यावं असं काही दिसेना. तेवढ्यात आसारामने आतल्या बाजूची एक लहान खोली उघडली.

खोलीत एकच वस्तू होती. शिसवी लाकडाचं भक्कम आसन, दोन्हीकडे हात टेकायला कोरीव दांड्या, पाठीला नक्षी, पितळेच्या कड्या, आणि बसायच्या जागी झाकण. या आसनाला स्वतंत्र खोली होती. खोलीला आतून कडी होती. उजेडासाठी उंचावर झरोका होता. देवघरालाही खुंटेगावात कुणी इतका एकांत दिला नव्हता.

"ही गादी हाय साहेबाची," आसाराम हळू आवाजात म्हणाला.

"तख्त," राधाकिशनने दुरुस्ती केली.

खानसामा दारात येऊन म्हणाला, "अरे भाई, वो नक्को ले जाव. वो काम की चीज है." पण ज्याची गादी जाते त्याचे नोकर असंच म्हणणार. चौघांनी तख्त उचललं.

परतल्यावर चावडीसमोर दरबार भरला. तसा दिवस विठ्ठलरावांच्या आयुष्यात आधी आला नव्हता. तख्ताला हार घातला. झाकण वर करून पाहिलं तर आत तामचिनीचं एक सुरेख भांडं निघालं, पांढरंशुभ्र, काठाला निळी रेघ, वर मुठीचं झाकण. हे अभिषेकाचं पात्र असणार, हे सांगायला कुणी पंडित लागला नाही. पाटलीणबाईंनी, म्हणजे भिवराबाईंनी, ते धुऊन त्यात पंचामृत कालवलं. झाकण लावून विठ्ठलराव तख्तावर बसले. बायांनी ओवाळलं. सारं गाव रांगेनं आलं, पाटलाच्या पायाशी शिवेवरच्या आपट्याचं सोनं ठेवून वाकलं आणि पंचामृत घेऊन पुढे सरकलं. आसारामही वाकला. नाइलाजाने वाकला, पण वाकला. पंचामृत मात्र त्याने दोनदा घेतलं.

त्यानंतर रोज दिवस कलला की विठ्ठलराव चावडीत तख्तावर बसून गावचे तंटे ऐकत. बांधाचे, वाटणीचे, कुणाच्या बैलाने कुणाचं काय खाल्लं याचे. त्यांचं म्हणणं होतं की त्या आसनावर बसलं की निर्णय सुचतो. मन मोकळं होतं.

इकडे नदीपल्याड खानसाम्याने साहेबाची एक खुर्ची चोरीला गेल्याची वर्दी दिली होती. ती वर्दी फौजदाराकडे गेली तेव्हा तिच्यात भाले आले. नगरला पोचली तेव्हा बंदुका आल्या. मुंबईहून फिरून हैदराबादला इंग्रजांच्या रेसिडेन्सीत शिरली तेव्हा ती शस्त्रांनिशी झालेली बगावत होती आणि बंडखोरांनी सरकारी आसन बळकावून त्यावर आपला राजा बसवला होता. इंग्रज चिडले, त्यापेक्षा निजाम सरकार जास्त घाबरलं. आपल्या मुलखात कुणी दुसऱ्याच सरकारविरुद्ध बंड करावं, याला त्यांच्याकडे कायदाच नव्हता.

मग निजामाचे जवान आले. त्यांनी राधाकिशनला आणि आणखी पोरांना बांधून आष्टीच्या हवालातीत नेलं. नेताना मारलं. राधाकिशन मार खाताना कसला तरी जयजयकार करत होता, तो शब्द काही जवानांना समजेना, म्हणून त्यांनी आणखी मारलं. भिवराबाई वेशीपर्यंत मागे धावत गेल्या. उरलेले जवान चावडीत मुक्कामाला राहिले. गावच्या कोंबड्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. विठ्ठलरावांना मात्र नेलं नाही, कारण जिल्ह्याचे मुख्य, अव्वल तालुकदारसाहेब, चौकशीला खुंटेगावात येणार होते, आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोय पाटलावाचून कोण करणार.

चौकशीच्या आधी अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे पोलिसांचा मोठा अंमलदार, पिकल्या दाढीचा, औरंगाबादच्या छावणीत उमेदवारी केलेला. त्यांनी तख्त पाहिलं. हार बाजूला केला. झाकण उचललं आणि भोकातून खालची जमीन पाहिली. मग त्यांनी चावडीच्या खांबाला मिठी मारली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. विठ्ठलराव हात बांधून उभे होते.

"पाटील, ये क्या है?"

"तख्त हाय, हुजूर. साहेबाचं."

"साहेब इसपे क्या करते, मालूम है?"

"राज्य करत असत्याल."

अमीनसाहेबांनी पुन्हा खांब धरला. दम परतल्यावर त्यांनी पाटलाला जवळ बसवून घेतलं आणि साहेब लोक रानात जात नाहीत, लोटा घेत नाहीत, तर सकाळी घरातच अशा आसनावर बसतात आणि खालचं भांडं नंतर नोकर उचलून नेतो, हे सगळं नीट समजावून सांगितलं. विठ्ठलराव ऐकत राहिले. रोज दिवस कलल्यावर मन कसं मोकळं होत असे, ते त्यांना आठवलं.

"भांडं..." ते म्हणाले आणि थांबले.

"अब सुनो," अमीनसाहेब म्हणाले. ते आता हसत नव्हते. "ये तख्त होंगा तो बगावत है. तू, तेरा मेहुणा, सब पोट्टे, काला पानी. तेरे को शायद फाँसी. ये कमोड होंगा तो चोरी भी नहीं, सिर्फ गधेपन. तालुकदारसाहब पूछेंगे. तू सबके सामने बोलना, मेरे को मालूम था ये क्या है, मश्करी में उठाके लाया. हौ?"

"सगळ्यांच्या समोर?"

"सबके सामने. भांडं भी दिखाना. नहीं तो अंग्रेज मानेगा कायकू?"

विठ्ठलराव घरी आले आणि भिवराबाईंना सगळं सांगितलं. त्या चुलीपुढे होत्या. भांड्याचं ऐकल्यावर त्यांचा हात परातीत तसाच राहिला, कारण दसऱ्यापासून घरचं विरजण त्या भांड्यात लागत होतं. दही मोठं घट्ट लागायचं.

"ते नवं हुतं का?" त्यांनी विचारलं.

"कुनाला इचारू?"

 मग विठ्ठलराव म्हणाले, "अगं, फाशी गेलो तर लोक नाव काढत्याल. आन् हे बोललो तर सात पिढ्या हगरा पाटील म्हनत्याल."

"म्हनू द्या," भिवराबाई म्हणाल्या. "मला एकच भाऊ हाय. तुमाला नाव पायजे का मला भाऊ पायजे, एवढंच ठरवा. दोनी जमत नसतंय."

विठ्ठलरावांनी ठरवलं नाही. त्यांना वाटत होतं, रात्रभरात काहीतरी तिसरं सुचेल.

सकाळी काहीतरी तिसरं सुचायच्या आधी आसाराम आला. एकटा नाही, गावची शहाणी मंडळी घेऊन. अमीनसाहेबांचं हसणं चावडीबाहेर ऐकू गेलं होतं, आणि जवानांनी उरलेलं सांगितलं होतं. मंडळी ओसरीवर टेकली. कुणी पाणी मागितलं नाही. या घरचं पाणी कोणत्या भांड्यातून येईल याची आता खात्री नव्हती.

"दादा," आसाराम म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी माया विठ्ठलरावांनी कधी ऐकली नव्हती. "तुमी तख्तच म्हना."

"आरं, फाशी देत्याल मला."

"दिऊ द्या की. आमी हाव ना मागं. नदीच्या काठाला समाधी बांधू. दर दसऱ्याला शिलंगण तुमच्या समाधीवर येईल, शब्द देतो."

"आन् म्होरं कोन चालंल?"

"ते बघू नंतर," आसाराम म्हणाला. "पन तुमी जर का तोंड उघडून ते भांडं कशाचं हाय म्हून बोललात, तर सगळं गाव कशातनं प्यालं, ते सरकारदरबारी नोंदलं जातंय. आमच्या पोरींची लग्नं व्हायचीत, दादा. सोयरे नांदूरघाटापासून मांजरसुंब्यापतूर हायेत. कोन दारात उभं करंल?"

"तुमी तर दोनदा प्यालात," भिवराबाई दाराआडून म्हणाल्या.

"म्हून तर आलोय वहिनी."

एक म्हातारा पुढे सरकला. "पाटील, देशासाठी मरनं लई मोठं असतंय," तो म्हणाला. देश हा शब्द त्याने तोंडातून पहिल्यांदाच काढला असावा, कारण काढल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं.

मंडळी उठली तेव्हा जो तो पाटलाच्या पाया पडला. विठ्ठलराव त्या पाठींकडे पाहत राहिले. दसऱ्याला अशाच पाठी वाकल्या होत्या, आणि त्यांना वाटलं होतं की त्या आपल्यापुढे वाकताहेत. आता गावाला त्यांच्याकडून फक्त एक समाधी हवी होती. तिसरं काही सुचायचं होतं ते राहिलंच.

चावडीसमोर मांडव घातला होता. मध्ये अव्वल तालुकदार, बाजूला अमीनसाहेब, दुसऱ्या बाजूला नगरहून आलेला तरणा गोरा साहेब. तो खुंटेगावने पाहिलेला पहिला इंग्रज. सगळं गाव त्याला पाहायला लोटलं होतं, बायाबापड्यांसकट. बेड्यांतली पोरं एका कडेला बसवली होती. राधाकिशनचा एक डोळा सुजून मिटला होता, दुसऱ्याने तो इतिहासाकडे पाहत होता. मध्यभागी ते आसन, हार काढलेलं.

तालुकदारांनी साहेबाला विचारलं, ही तुमचीच वस्तू का. साहेबाने आसनाकडे पाहिलं, बायांच्या घोळक्याकडे पाहिलं, आणि मानेपासून कानापर्यंत लाल झाला.

"ही खुर्ची आहे," तो शिकवलेल्या मराठीत म्हणाला.

"कसली?"

"बसण्याची."

साहेबाला बढतीसाठी उठाव हवा होता. राधाकिशनला तो इतिहासासाठी हवा होता, गावाला धर्मासाठी. एवढ्या जमावात उठाव नको असलेला माणूस एकच होता, आणि तालुकदारांनी आता त्याला पुढे बोलावलं.

विठ्ठलराव उभे राहिले.  त्यांनी राधाकिशनकडे पाहिलं. राधाकिशन मान हलवत होता. सांगा, दाजी, तख्त म्हणून सांगा. बायांत भिवराबाई होत्या. त्यांच्या पदराखाली काहीतरी होतं.

"हुजूर," विठ्ठलराव म्हणाले, "हे साहेबाचं परसाकडचं आसन हाय. मला म्हाईत हुतं. मश्करीत आनलं. ह्या पोरांचा काय संबंध न्हाई, मी उचला म्हनलो, त्यांनी उचललं."

 मग राधाकिशन उठून उभा राहिला. "खोटं हाय," तो म्हणाला. "आमी उठाव केलाय. दाजी भेदरलेत." जवानाने त्याला दाबून खाली बसवलं.

तालुकदारांनी चष्मा पुसला. "पाटील, माहीत होतं म्हणता. मग रोज त्यावर बसत होतात, लोक तुमच्या पाया पडत होते, ते कसं?"

"हुजूर, पाटलाच्या पाया पडताना लोक कुठं बघत असतेत त्यो कशावर बसलाय ते."

तालुकदार स्वतःच्या खुर्चीत जरा सावरून बसले. हा मुद्दा त्यांनी पुढे वाढवला नाही.

"सबूत?"

भिवराबाई पुढे आल्या. चेहऱ्यावरून पदर ओढलेला. त्यांनी पदराखालून राखेनं लख्ख घासलेलं ते तामचिनीचं भांडं काढलं आणि आसनाच्या भोकाखाली सरकवलं. ते बरोबर बसलं. निळी रेघ उन्हात चमकली, आणि ती रेघ खुंटेगावातल्या झाडून सगळ्या माणसांनी ओळखली.

"हे इतके दिवस कुठे होतं?" तालुकदारांनी विचारलं.

सगळं गाव विठ्ठलरावांकडे वळलं.

"माळ्यावर," विठ्ठलराव म्हणाले. "कुनी हात लावला न्हाई."

तेवढ्यात आसाराम तोंडाला उपरणं लावून उठला आणि चावडीच्या भिंतीमागे गेला. तिथून आवाज यायला लागला.

"त्यांना काय झालं?"

"उपास हाय त्येंचा, हुजूर. पित्त हुतंय."

अमीनसाहेब खाली मान घालून कागद नीट करत बसले. त्यांचे खांदे हलत होते.

संध्याकाळच्या आत बगावतीचं प्रकरण निकाली निघालं. दफ्तरात काय लिहिलं गेलं ते कुणी पाहिलं नाही, पण आसन बैलगाडीत घालून गोणपाटाने झाकून नदीपार गेलं आणि साहेब त्या गाडीपासून बराच लांब घोडा चालवत होता, हे सगळ्यांनी पाहिलं. पोरांना ताकीद देऊन सोडण्याचा हुकूम निघाला. पाटीलकी विठ्ठलरावांकडून काढून आसारामला दिली. सरकारी आसनाची टिंगल करणारा माणूस सरकारी कामाला योग्य नव्हे, असं तालुकदारांचं म्हणणं पडलं.

गावाने ब्राह्मण बोलावून शुद्धी करून घेतली. कशाची, हे ब्राह्मणाला सांगितलं नाही. विठ्ठलरावांना त्यात बोलावलं नाही, त्यांच्या अंगणातून जायची वाटही लोकांनी बदलली. त्यांनी सगळ्यांची अब्रू भर चौकशीत झाकली होती, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांना माफी मिळणं कठीण होतं.

राधाकिशन आष्टीहून सुटून आला तो थेट ओसरीवर बसला. घरात शिरेना. डोळ्याखालचं निळं आता पिवळं पडलं होतं. भिवराबाईंनी ताट वाढून बाहेर आणलं. विठ्ठलरावही समोर बसले.

"दाजी, तुमी माजा उठाव बुडवला," तो म्हणाला. "हवालातीत मला काय म्हनत हुते म्हाईत हाय का?"

"काय?"

"ते जाऊ द्या."

"बरं."

"तुमी नुसतं तख्त म्हनला असता तर आज हितं नगरपतूर लोक पेटून उठले असते."

"आन् तू?"

"मी गेलो असतो फाशी. हसत गेलो असतो."

विठ्ठलरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या दसऱ्याला नदी ओलांडलेल्या माणसांत कोण मानासाठी आलं होतं, कोण गंमत म्हणून, कोण दुसरं काम नव्हतं म्हणून. हा एकटा खरोखर इंग्रजावर चाल करून गेला होता. म्हणतोय ते करणारा होता. त्याचीच तर धास्ती होती.

"म्हून तर," ते एवढंच म्हणाले.

भिवराबाईंनी न विचारता आणखी एक भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि त्या तिथंच उंबऱ्यावर बसून राहिल्या. राधाकिशनने घास मोडला. हवालातीत त्याला कुणी पोटभर घातलं नव्हतं. तो मान खाली घालून खात राहिला, भराभर, चावताना दुखऱ्या बाजूनं तोंड वाकडं करत. दाजींशी जन्मात बोलायचं नाही असं त्याने आष्टीहून येतानाच ठरवलं होतं. पण तोंडी लावायला ठेचा लागला तेव्हा त्याने त्यांच्याकडेच हात पुढे केला, आणि विठ्ठलरावांनी वाटी सरकवली.